आपला संघ मैदानात नसतो तेव्हा

महाविद्यालयात शिकलेल्या बहुतेकांच्या वाट्याला हा अनुभव केव्हा ना केव्हा येतो. आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉलचे सामने चालू असतात. आपल्या कॉलेजचा संघ पहिल्याच फेरीत गारद झालेला असतो. तरीही संध्याकाळी पाय मैदानाकडेच वळतात. समोर दोन परके संघ उभे असतात. पाचदहा मिनिटे आपण तटस्थपणे पाहतो आणि मग मन नकळत एका बाजूला झुकते. कुणाला शेजारच्या गावचा संघ जवळचा वाटतो, कुणाला दुबळ्या संघाची कणव येते, तर कुणाला एखाद्या खेळाडूच्या हाताची सफाई भुरळ घालते. काही जण तर केवळ ज्याने आपल्याला हरवले तो हरावा, एवढ्याचसाठी दुसऱ्याच्या बाजूने घसा कोरडा करतात.

वरवर पाहता ही गोष्ट क्षुल्लक वाटते. परंतु आपला संघ आपल्याला जन्माने, गावाने किंवा कॉलेजच्या प्रवेशाने आयता मिळालेला असतो; दुसरा संघ मात्र आपण निवडतो. म्हणून आपण कोणाला आपले मानतो, हे या दुसऱ्या निवडीत अधिक स्पष्ट दिसते.

बास्केटबॉलचा जन्मच मुळी एका ख्रिस्ती संस्थेत झाला. १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात बंद सभागृहात खेळता येईल असा खेळ शोधून काढला आणि सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या टोपल्या बांधल्या. आज त्या देशात दर मार्च महिन्यात महाविद्यालयांची जी राष्ट्रीय स्पर्धा होते, तिच्यात ६८ संघ उतरतात. जो एकदा हरला तो घरी परतला. म्हणजे शेवटी ६७ महाविद्यालयांचे चाहते आपल्या संघाविना उरतात आणि त्यांतील कित्येक जण उरलेल्या दिवसांपुरता दुसरा संघ दत्तक घेतात. २०१८ साली अशा असंख्य लोकांनी शिकागोच्या लोयोला विद्यापीठाचा संघ आपला मानला. येशूसंघीयांच्या या विद्यापीठाचा संघ फारसा कुणाच्या खिजगणतीत नव्हता, पण तो शेवटच्या चार संघांत जाऊन पोहोचला. त्या संघाच्या आध्यात्मिक मार्गदर्शक सिस्टर जीन तेव्हा ९८ वर्षांच्या होत्या. चाकांच्या खुर्चीत बसून त्या प्रत्येक सामन्याला हजर राहत. २०२५ साली, वयाच्या १०६ व्या वर्षी, त्या निवर्तल्या.

याच लोयोलाचा १९६३ सालचा एक सामना त्याहूनही स्मरणीय आहे. काळ्या खेळाडूंना एकाच वेळी फार संख्येने मैदानात उतरवू नये, असा त्या काळी तिकडे अलिखित रिवाज होता. लोयोलाच्या सुरुवातीच्या पाच खेळाडूंत चार काळे होते. त्यांची गाठ पडली मिसिसिपी राज्याच्या सर्वस्वी गोऱ्या संघाशी. काळे खेळाडू असलेल्या संघाशी खेळू नये, असा त्या राज्यातील सत्ताधाऱ्यांचा दंडक होता. न्यायालयाचा मनाईहुकूम हाती पडण्यापूर्वीच ती गोरी मुले गुपचूप राज्याबाहेर पडली आणि सामन्याला येऊन उभी राहिली. दोन्ही कर्णधारांनी मैदानाच्या मध्यभागी हस्तांदोलन केले. लोयोलाने तो सामना ६१ विरुद्ध ५१ असा जिंकला आणि पुढे त्या वर्षीचे अजिंक्यपदही मिळवले. मिसिसिपीच्या मुलांपुढे त्या दिवशी दोन बाजू होत्या : एका बाजूला त्यांचे सत्ताधारी, दुसऱ्या बाजूला खेळ. त्यांनी खेळाची बाजू घेतली.

अशी बाजू निवडण्याची पाळी आपल्या महाराष्ट्रावरही आली होती. खेळ क्रिकेटचा होता आणि मैदान बहुतेक वेळा मुंबईचे. पण त्या कथेचा एक धागा साताऱ्याला सुरू होतो आणि दुसरा सांगलीला. दोन्ही धागे एकत्र धरले, तर आपल्या मराठी ख्रिस्ती समाजालाही आपले काही हरवलेले त्यात सापडेल असे वाटते.

साताऱ्याची खेळपट्टी

१८४८ साली साताऱ्याचे छत्रपतींचे राज्य खालसा झाले आणि ते गाव इंग्रजी अमलातील जिल्ह्याचे ठिकाण बनले. साहेब लोक आले, तसा त्यांचा जिमखानाही आला. या सातारा जिमखान्यात केवळ गोऱ्यांनाच प्रवेश होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या हिंदू क्लबचा संघ या जिमखान्याशी सामना खेळण्यासाठी साताऱ्याला गेला. पुण्याच्या संघात पालवणकर बाळू नावाचा एक डावखुरा फिरकी गोलंदाज होता.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला, एका चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्करी नोकरीत होते. बाळू पुण्याच्या साहेबी जिमखान्यात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखण्याचे, रूळ फिरवण्याचे आणि जाळ्यात सरावासाठी गोलंदाजी करण्याचे काम करीत. ग्रेग नावाचे नामांकित इंग्रज फलंदाज त्यांच्यासमोर तासन्‌तास सराव करीत आणि स्वतः बाद झाले की बाळूंच्या हातावर आठ आणे ठेवीत, असे सांगतात. साहेबांनी बाळूंना गोलंदाजी दिली, फलंदाजी मात्र दिली नाही. तो मान त्यांचा त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवला होता.

पुण्याच्या हिंदू क्लबात बाळूंना घ्यावे की नाही यावर वाद झाला. काही तेलुगू सभासदांनी आग्रह धरला, काही ब्राह्मण सभासदांनी विरोध केला. शेवटी बाळू संघात आले. पण मैदानावर ज्या चेंडूला सर्वांचे हात लागत तो चेंडू टाकणाऱ्या बाळूंना चहाच्या वेळी तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात, वेगळा चहा दिला जाई. जेवणाचे पानही वेगळे असे.

साताऱ्याच्या साहेबांना बाळूंची कीर्ती ठाऊक होती. त्यांच्या फिरकीची धार बोथट व्हावी म्हणून खेळपट्टीवर आठवडाभर रूळ फिरवण्याचा हुकूम सुटला. रूळ फिरला, सामना झाला, आणि त्या दाबून बसवलेल्या खेळपट्टीवर बाळूंनी सात बळी घेतले. पुणेकर सहज जिंकले. संघ परतल्यावर झालेल्या समारंभात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंच्या गळ्यात हार घातला. ज्या हातचे पाणी चालत नव्हते त्या हाताचा असा जाहीर गौरव होणे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

आता त्या दिवशीच्या सातारकराची स्थिती ध्यानात घ्यावी. मैदान त्याच्या गावचे होते आणि 'सातारा' हे नाव धारण करणारा संघही मैदानात होता. पण त्या संघाच्या जिमखान्याची पायरी त्याला चढता येत नव्हती. गावाचे नाव साहेबांकडे आणि गावची माणसे कुंपणाबाहेर. अशा माणसाने कोणाचा जय चिंतावा? त्याला उसना संघ घ्यावा लागला, तर तो पुण्याचाच असणार. पण त्या उसन्या संघातही एक खेळाडू असा होता, की ज्याला त्याच्याच सोबत्यांच्या पंगतीत जागा नव्हती. साताऱ्यातील महार-चांभार वस्तीतल्या माणसाने आणखी एक पाऊल पुढे टाकून विचार केला असेल, तर हा उसना संघही त्याला अर्धाच आपला वाटला असेल.

त्याच सुमारास याच साताऱ्यात सुभेदार रामजी यांचा भीमराव नावाचा मुलगा लहानाचा मोठा होत होता. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्याचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. आज तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर झालेल्या या तरुणाला बाळूंविषयी मोठे अप्रूप वाटे. बाळू ज्या संघातून खेळत होते त्याचे नाव 'हिंदू' असे होते आणि त्या नावाने अस्पृश्यांना किती जवळ केले होते, हे आंबेडकरांइतके दुसऱ्या कोणाला कळणार? तरी बाळूंच्या प्रत्येक बळीबरोबर तो संघ थोडासा त्यांचाही होत होता.

तिरंगी, चौरंगी, पंचरंगी

मुंबईत गोऱ्यांचे आणि पारशांचे सामने एकोणिसाव्या शतकातच सुरू झाले होते. १९०६ साली हिंदूंच्या संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या संघात बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम दोघेही होते. पुढच्याच वर्षी हिंदूंना स्पर्धेत स्थान मिळून सामने तिरंगी झाले. १९१२ साली मुसलमानांचा संघ आला आणि सामने चौरंगी झाले. ज्या काळात कायदेमंडळातील जागांची वाटणी धर्मावर होऊ लागली होती, त्याच काळात मैदानाचीही वाटणी होत गेली.

बाळू १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या संघातून खेळले आणि तेथे त्यांनी शंभरावर बळी घेतले. पण हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. १९२० साली त्यांना डावलण्यात आले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या त्यांच्या भावांनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल पालवणकर कर्णधार झाले आणि त्यांच्या हाताखाली हिंदूंनी युरोपियनांना हरवून चौरंगी सामने जिंकले. प्रेक्षकांनी विठ्ठलना खांद्यावर उचलून घेतले. साताऱ्याच्या सामन्यानंतर इतके अंतर कापायला जवळजवळ पाव शतक लागले.

या सगळ्यात आपण कोठे होतो? मुंबईच्या कॅथॉलिक जिमखान्याची स्थापना १९१२ सालची, म्हणजे सामने चौरंगी झाले त्याच वर्षाची. जिमखाना होता, खेळाडू होते, खेळाची आवडही होती. पण स्पर्धेत ख्रिस्ती माणसाला जागा नव्हती. १९१२ ते १९३६ या काळात मुंबईच्या मैदानाकडे जाणाऱ्या ख्रिस्ती प्रेक्षकाला दर वेळी संघ उसना घ्यावा लागे. गोऱ्यांची उपासना आणि त्याची उपासना एकाच प्रभूची, पण गोऱ्यांच्या जिमखान्यात त्याला प्रवेश नाही. हिंदूंची भाषा, गाव, सणासुदीचे दिवस त्याच्या ओळखीचे, पण त्या संघात त्याला घेत नाहीत. धर्माने एकीकडे आणि मातीने दुसरीकडे ओढावे, अशी ती स्थिती होती. देशातील आणि देवळातील ओढीपैकी एकच निवडा, असे त्याला कोणी सांगितले नव्हते. मैदानाच्या रचनेनेच ते सांगून टाकले होते.

१९३७ साल अनेक अर्थांनी महत्त्वाचे ठरले. १९३५ च्या कायद्याने भारतीय ख्रिस्ती लोकांना स्वतंत्र मतदारसंघ दिले होते आणि त्याप्रमाणे प्रांतिक निवडणुका १९३७ साली झाल्या. त्याच निवडणुकीत मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध काँग्रेसने पालवणकर बाळूंना उभे केले. ज्या गोलंदाजाचे तरुण आंबेडकरांना कौतुक होते, त्याच्याशीच सामना करण्याची पाळी आली. आंबेडकर निवडून आले. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस चौरंगी सामने पंचरंगी झाले. पाचव्या संघाचे नाव होते 'रेस्ट', म्हणजे उरलेसुरले, बाकीचे. भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू, बौद्ध, क्वचित सिलोनचे खेळाडू, अशा ज्यांचे कोणत्याच रकान्यात नाव नव्हते त्या सर्वांची मोट तेथे बांधली गेली.

बाकीच्या संघांना त्यांच्या धर्माचे किंवा वंशाचे नाव होते. या संघाचे नाव मात्र तो काय नाही एवढेच सांगत होते. तरीही आपल्यातील अनेकांना तेव्हा पहिल्यांदा स्वतःचा म्हणता येईल असा संघ मिळाला. तिकिटाच्या खिडकीवर उभे राहताना आता मनाची ओढाताण नव्हती.

गंमत अशी, की ज्या वर्षी 'बाकीच्यां'ना संघ मिळाला त्याच वर्षी हिंदूंचा संघ मैदानात उतरला नाही. नव्याने बांधलेल्या ब्रेबॉर्न स्टेडियममधील जागांच्या वाटपावरून हिंदू जिमखान्याचे मतभेद झाले आणि त्यांनी स्पर्धेवर बहिष्कार घातला. इतकी वर्षे ज्याला संघ उसना घेण्याची कधी गरजच पडली नव्हती, त्या हिंदू प्रेक्षकाला त्या वर्षी आमच्यासारखाच परका संघ निवडावा लागला. अजिंक्यपद मुसलमानांच्या संघाने मिळवले.

सांगलीचे हजारे

या 'बाकीच्यां'च्या संघाला नाव मिळवून दिले ते सांगलीच्या मुलाने. विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे एका मराठी ख्रिस्ती शिक्षकाच्या घरी झाला. आठ भावंडांचे घर आणि वडिलांचा पगार मास्तरांचा. सांगली-मिरजेच्या त्या पट्ट्यात मिशनच्या शाळा होत्या, मिरजेला डॉ. वॉनलेस यांचे इस्पितळ होते. ख्रिस्ती वस्ती लहान होती, परंतु तिची भाषा मराठी, नावे मराठी आणि आडनावेही मराठी होती. 'विजय' आणि 'सॅम्युअल' ही दोन नावे त्या घरात कसलाही अवघडपणा न वाटता शेजारी शेजारी नांदत होती.

हजारे तरुणपणी ऑस्ट्रेलियाचे थोर गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांच्या हाताखाली शिकले. बॅट दोन पायांच्या मध्ये धरून उभे राहण्याची त्यांची ढब शास्त्राला धरून नव्हती. पण ग्रिमेट यांनी ती बदलू नका असाच सल्ला दिला. स्वभाव अबोल, खेळ संयमी, चेहऱ्यावर यशापयशाची रेषाही दिसू नये अशी वृत्ती. १९३९-४० च्या हंगामात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध पुण्याला त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या सामन्यात त्रिशतक करणारे ते पहिले भारतीय.

१९४३ च्या पंचरंगी सामन्यांत हजारे 'रेस्ट' संघाकडून खेळत होते. मुसलमानांच्या संघाविरुद्ध त्यांनी २४८ धावा काढल्या आणि पंचरंगीतील वैयक्तिक धावांचा नवा उच्चांक केला. अंतिम सामन्यात गाठ हिंदूंशी होती. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव घोषित केला. त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. म्हणजे हजारे यांचा उच्चांक अवघ्या दोन धावांनी मोडला. 'रेस्ट'चा पहिला डाव १३३ धावांत संपला. त्यातल्या ५९ हजारे यांच्या. फॉलोऑन मिळाला. सामना हातचा गेला हे सूर्यप्रकाशाइतके स्पष्ट होते.

दुसऱ्या डावात मात्र असे काही घडले, की त्याची आठवण क्रिकेटच्या पुस्तकांत कायमची राहिली. एका बाजूने गडी बाद होत राहिले, दुसऱ्या बाजूला हजारे उभे राहिले. सहाव्या गड्यासाठी त्यांचे धाकटे बंधू विवेक जोडीला आले आणि दोघा भावांनी मिळून ३०० धावांची भागी केली. या तीनशेंत विवेक यांच्या धावा होत्या २१! धाकट्याने एक टोक लावून धरायचे आणि थोरल्याने खेळायचे, असा तो घरगुती करार असावा. संघाच्या ३८७ धावा झाल्या, त्यांत एकट्या हजारे यांच्या ३०९. शंभरातील जवळजवळ ऐंशी धावा एका माणसाच्या. मर्चंट यांच्याकडे गेलेला उच्चांक पुन्हा हजारे यांच्याकडे आला.

तरीही 'रेस्ट' हरले. हिंदूंनी सामना एक डाव आणि ६१ धावांनी जिंकला. ब्रेबॉर्न स्टेडियममधील थोड्याच लोकांचा तो संघ होता. संघ जिंकावा म्हणून जे आले होते त्यांच्या दृष्टीने निकाल केव्हाच लागला होता. पण २०० नंतरची, २५० नंतरची, ३०० व्या धावेची वाट पाहताना कोणाच्या धर्माचा विचार मनात राहिला असेल, असे मला वाटत नाही. सामना कोणाचाही असो, त्या दुपारी मैदान सांगलीच्या माणसाचे होते.

भिंत पडली ती अशी

धर्मवार सामन्यांवर टीका पूर्वीपासून होत होती. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे शिष्टमंडळ वर्ध्याला महात्मा गांधींना भेटले. देशात लढा चालू असता, पुढारी तुरुंगात असता अशी करमणूक नको, असे मत त्यांनी दिलेच; पण त्यापुढे जाऊन त्यांनी एक सूक्ष्म भेदही दाखवला. महाविद्यालयामहाविद्यालयांतील किंवा संस्थासंस्थांमधील सामने मी समजू शकतो, परंतु हिंदूंचा, पारशांचा, मुसलमानांचा असे संघ कशासाठी हे मला कधीच समजलेले नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. कॉलेजचा संघ आणि धर्माचा संघ यांत फरक काय, याचे उत्तर त्यात आले. कॉलेज बदलता येते, दोन वर्षांनी सोडता येते. आज विरोधी संघात असलेला उद्या आपल्या वर्गात येऊन बसतो. धर्माच्या संघात असे दार नसते.

मैदानावरच्या खेळाडूंची मने मात्र बहुधा प्रेक्षकांहून मोठी होती. १९४४-४५ चा अंतिम सामना मुसलमानांनी हिंदूंविरुद्ध एका गड्याने जिंकला. इब्राहिम शेवटपर्यंत नाबाद राहिले. सामना संपताच मर्चंट प्रतिस्पर्ध्यांच्या तंबूत गेले आणि त्यांनी इब्राहिम यांना मिठी मारली. तरीही बाहेरचे वातावरण बिघडतच चालले होते. १९४५-४६ चा हंगाम पंचरंगीचा शेवटचा ठरला.

पुढच्या वर्षी, मार्च १९४७ मध्ये, रणजी करंडकाचा अंतिम सामना बडोद्यात झाला. बडोदे विरुद्ध होळकर. उत्तरेत दंगली पेटल्या होत्या, देशाची फाळणी दारात उभी होती. अशा दिवसांत बडोद्याच्या दोन फलंदाजांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. एक होते लाहोरचे गुल महंमद, धावा ३१९. दुसरे सांगलीचे विजय हजारे, धावा २८८. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये कोणत्याही गड्यासाठी इतकी मोठी भागी पूर्वी झाली नव्हती. हा विक्रम मोडायला २००६ साल उजाडावे लागले. थोड्याच वर्षांपूर्वी हे दोघे धर्माच्या भिंतीने वेगळे केलेल्या संघांत मोडत होते. गावाचा, राज्याचा संघ झाल्याबरोबर ती भिंत उरली नाही.

१९४८ च्या जानेवारीत ॲडलेडला ब्रॅडमन यांच्या संघाविरुद्ध हजारे यांनी एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतके झळकावली, ११६ आणि १४५. असे करणारे ते पहिले भारतीय. आणि १० फेब्रुवारी १९५२ रोजी मद्रासला भारताने इंग्लंडला एक डाव आणि ८ धावांनी हरवले. १९३२ पासून कसोटी खेळणाऱ्या भारताचा तो पहिला विजय. त्या संघाचे कर्णधार हजारे होते. विनू मंकड यांनी बारा बळी घेतले. पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांनी शतके केली. मुश्ताक अली आणि गुलाम अहमद हेही त्या संघात होते. हिंदू, मुसलमान, पारशी, सारे एका संघात आणि त्यांच्या पुढे चालणारा माणूस पूर्वीच्या 'बाकीच्यां'पैकी.

इकडे राजकारणाच्या मैदानावरही असेच एक पाऊल पडले होते. घटना समितीत ख्रिस्ती समाजासाठी राखीव जागांचा प्रश्न होता. १९४९ च्या मे महिन्यात त्या जागा नकोत, या ठरावाला डॉ. हरेंद्र कुमार मुखर्जी आणि येशूसंघाचे फादर जेरोम डिसोझा या ख्रिस्ती सभासदांनी पाठिंबा दिला. संख्येने थोड्या असलेल्या समाजाने हातातली निश्चित जागा सोडून शेजाऱ्याच्या सद्‌भावावर विश्वास टाकला. तो निर्णय शहाणपणाचा होता की भोळेपणाचा, यावर आपल्या घरांत आजही वाद होतात आणि ते व्हावेतही. विश्वास टाकणाऱ्याइतकीच ज्यावर टाकला त्याचीही कसोटी असते. परंतु पंचरंगीचा इतिहास पाहिला की एवढे तरी उमजते : आपला वेगळा संघ मिळाला तेव्हा आपल्याला 'बाकीचे' हे नाव मिळाले, वेगळा संघ गेला तेव्हा आपल्यातला एक जण सर्वांचा कर्णधार झाला.

उसना संघ

हजारे १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यात निवर्तले. आज त्यांच्या नावाने राज्याराज्यांची एकदिवसीय स्पर्धा होते. त्या करंडकासाठी झुंजणाऱ्या मुलांपैकी अनेकांना हजारे कोणत्या धर्माचे होते हे माहीतही नसेल. आपल्याला त्याचे थोडे वाईट वाटते, आणि ते साहजिक आहे. आपल्या माणसाचे नाव आपल्या मुलांना तरी ठाऊक असावे. पण ज्यांना ते माहीत नाही त्यांनीही हजारे यांना आपले मानलेच आहे, हेही विसरता येत नाही.

म्हणून पुन्हा बास्केटबॉलच्या त्या मैदानाकडे येतो. आपला संघ हरून घरी गेला आहे आणि समोर दोन परके संघ उभे आहेत. यांतला आपल्या जातीचा कोण, आपल्या धर्माचा कोण, हा प्रश्न ओठांवर सहज येतो, कारण पिढ्यान्‌पिढ्यांनी तो आपल्या कानात घातला आहे. माझा शेजारी कोण, या प्रश्नाला प्रभूने दिलेल्या दाखल्यात जखमी माणसाजवळ थांबणारा गृहस्थही त्याच्या जातीचा नव्हता. बाळूंना साताऱ्याच्या साहेबांनी रूळ फिरवून रोखू पाहिले, सोबत्यांनी मातीच्या भांड्याने दूर ठेवले. तरी त्यांच्या चेंडूवर नजर खिळवून बसलेले लोक होतेच. हजारे यांच्या तीनशे नऊ धावांना एका जमातीच्या टाळ्या पुरल्या नसत्या.

मुले सामन्याला जायला निघाली की आपण त्यांना विचारतो, 'कुणाचा सामना आहे?' परत आल्यावर मात्र 'कोण जिंकले?' यापूर्वी 'कोण चांगले खेळले?' असे विचारून पाहावे. आपला संघ नसताना त्यांनी कोणासाठी टाळ्या वाजवल्या, हेही त्यांच्याकडून ऐकून घ्यावे.